माळढोक गेला कुठे? ग्वाल्हेर, करेरा आणि चंबळची ट्रिप

शुक्रवार, ग्वाल्हेर

सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस थेट ग्वाल्हेरला जाते, एक रात्र गाडीत काढली की झालं, त्यामुळे प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता, सोलापुरात आम्ही पंखे लावायला सुरुवात केली होती आणि इथे स्टेशनवर उतरल्या उतरल्या बाबांनी मफलर, कानटोपी, शाल सगळं एकदम अंगावर चढवलं. आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, गाडी घेऊन आला होता.

आत्या लष्करात राहते. ज्यांनी ग्वाल्हेर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, लष्कर म्हणजे शिंद्यांच्या फौजेचा तळ जिथे पडला तो भाग, अजून तिथे चिटणीस की गोठ, फालका बाजार, पाटणकर बाजार अशी नावं आहेत. आत्याच्या गल्लीत दोन-तीन मराठी घरं राहिलीत, बाकीची पुण्याला नाहीतर इंदूरला गेली. सकाळी नाश्त्याला बेढई आणि जलेबी, बेढई म्हणजे डाळीचं सारण भरलेली खरपूस पुरी, सोबत बटाट्याची झणझणीत पातळ भाजी. बाबांनी चार खाल्ल्या आणि दुपारी आत्याच्या आमटीला नाही म्हणाले, त्यावरून बहीण-भावाचं थोडं वाजलं.

आता आलो कशासाठी ते सांगते. बाबांची सगळी नोकरी शेतीखात्यात गेली, ऐंशीच्या दशकात ते मोटारसायकलवरून नान्नज, मोहोळ, करमाळा फिरायचे आणि तेव्हा त्यांनी माळढोक पाहिलेत, एकदा तर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी गवतातून शांतपणे चालत जातोय, हे वर्णन मी लहानपणापासून ऐकत आलेय. मी स्वतः नान्नजला, म्हणजे सोलापूरजवळच्या माळढोक अभयारण्यात, कितीतरी वेळा गेले, मला काळवीट दिसली, लांडगा दिसला, माळढोक नाही दिसला. आणि ग्वाल्हेरच्या आसपास १९८१ मध्ये खास माळढोकसाठी म्हणून एक सोडून दोन अभयारण्यं झाली होती, घाटीगाव आणि करेरा, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. इकडे त्याला सोनचिरैया म्हणतात. आज दोन्हीकडे एकही पक्षी नाही. तो का गेला हे तिथे जाऊन, तिथल्या लोकांना विचारून बघावं असं डोक्यात होतं. बाबांना तर एवढं कारण पुरे होतं.

रात्री जेवताना विषय निघाला आणि एकाच टेबलावर तीन उत्तरं मिळाली. बाबा म्हणाले, "शिकार. जीपमधनं हेडलाइट मारून मारायचे लोक, मी ऐकलंय." दादा म्हणाला, "मामा, शिकार कधीच थांबली, इथे खाणींनी वाट लावली." आणि आत्या वाढता वाढता म्हणाली, "अरे, गावकऱ्यांनीच घालवला तो. इथे सगळे असंच म्हणतात." तिघेही अगदी ठाम होते.

टीप: फेब्रुवारीत दुपारी छान ऊन असतं पण सकाळी नऊ-दहापर्यंत धुकं असू शकतं. सकाळी लवकर निघायचे प्लॅन करू नका, हायवेवर समोरचं दिसत नाही.

शनिवार, घाटीगाव

शिवपुरीच्या रस्त्यानं ग्वाल्हेरपासून तासाभरात घाटीगाव येतं. अभयारण्य कागदावर ५१२ चौरस किलोमीटर होतं, तिघरा धरणाच्या बाजूचा डोंगराळ भागही त्यातच. माझ्या डोळ्यासमोर सोलापूरसारखा माळ होता, इथे तसं नाही. पठार आहे, मध्ये मध्ये घळी, आणि करधईची झाडं, थंडीत पूर्ण राखाडी, वाळून गेल्यासारखी. दादा म्हणाला की हवेत नुसती ओल आली तरी ही झाडं हिरवी व्हायला लागतात, पावसाची वाट बघत नाहीत.

गाडी ठेवून चालायला लागलो तेव्हा म्हशी घेऊन चाललेले एक आजोबा भेटले, डोक्याला लाल मुंडासं, हातात त्यांच्यापेक्षा उंच काठी. सोनचिरैया म्हटल्यावर थांबले. त्यांनी लहानपणी पाहिल्या होत्या, वरच्या सपाट पठारावर, झाडीत नाही. शिकारीचं विचारलं तर म्हणाले, "होती थी, जब चिरैया बहुत थी तब होती थी. जब कम हो गई तो कौन उसके पीछे घूमता." मग त्यांनी काठीनं समोर दाखवलं. आधी मला नुसता दगडांचा ढीग वाटला, जवळ गेल्यावर कळलं की जमीन चौकोनी कापून नेलीय, खाली पायऱ्यांसारखे थर, तळाला हिरवं पाणी. फर्शीचा दगड. या भागातला वालुकाश्म प्रसिद्ध आहे, त्यावर इथली पिढ्यान् पिढ्यांची रोजीरोटी आहे, पण अभयारण्याच्या हद्दीत चोरून खणणं हा इथला जुना रोग. पक्षी जमिनीवर, उघड्यावर, एका वेळी बहुतेक करून एकच अंडं घालतो, सत्तावीस-अठ्ठावीस दिवस उबवतो. आजूबाजूला सुरुंग आणि ट्रॅक्टर असतील तर मादी बसणार कशी? दादा काही बोलला नाही पण त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की बघा, मी सांगत होतो.

मला एक गोष्ट मात्र खटकत राहिली. आजोबा जिथे पक्षी दिसायचे म्हणाले त्या पठाराच्या काही भागाला खाणीचा हातही लागलेला नव्हता, तिथे विलायती बाभूळ माजली होती. माळढोकला चारी बाजूंनी लांबवर दिसायला लागतं, झुडपाच्या भिंतीत तो राहत नाही. म्हणजे खाण बंद केली असती तरी ते पठार त्याच्या कामाचं राहिलं नसतं. आणि माळावर झाड उगवलं की आपण सगळे खूश होतो, पर्यावरण सुधारलं म्हणतो! गवताळ माळाला सरकारी कागदात पडीक म्हणतात आणि पडीक म्हटलं की त्यावर काहीतरी लावायलाच पाहिजे असं ठरून जातं. याची मला मनापासून चीड येते.

टीप: आत शिरण्याआधी वनखात्याच्या स्थानिक रेंज ऑफिसमध्ये विचारून घ्या. खाणींच्या बाजूला एकटं फिरू नका आणि तिथे फोटो काढू नका. जेवणाची सोय धरू नका, आम्ही आत्याचे पराठे आणि हिरव्या मिरचीचं लोणचं नेलं होतं.

रविवार, करेरा

हा दिवस मी कधी विसरणार नाही त्यामुळे जरा लांबण लागेल.

करेरा शिवपुरी जिल्ह्यात, शिवपुरी-झाशी रस्त्यावर. आम्ही नरवरवरून गेलो. नरवरचा किल्ला डोंगरावर लांबच लांब पसरलाय, त्याला खरं तर वेगळा दिवस द्यायला हवा, आम्ही फक्त खालून पाहिला. पुढे एकदम सपाटी, मोहरी फुललेली, गहू गुडघाभर, हरभऱ्याला घाटे धरलेले. बाबा गाडीतून पिकं ओळखत चालले होते. दिहायला तळ्यावर थांबलो, थव्यानं बदकं होती, चक्रवाक होते आणि पलीकडच्या काठावर सारसांची जोडी. दादानं आयुष्यात पहिल्यांदा सारसाची हाक ऐकली, मान वर करून दोघं एकदम ओरडतात, तो कितीतरी वेळ तिथून हललाच नाही.

खाण इथे नाही. डोंगर नाही, जंगल नाही. २०० चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात तीसच्या वर गावं होती आणि बरीचशी जमीन लोकांच्या मालकीची शेती. मुंबईच्या बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ऐंशीच्या दशकात माळढोकचा अभ्यास केला तेव्हा डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी करेऱ्यात, आमच्या नान्नजला, आंध्रातल्या रोल्लापाडूला असं ठिकठिकाणी राहून काम करत होते. करेऱ्यात तेव्हा पक्षी होते, पिल्लं होत होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळे गेले. काही वर्षांपूर्वी अभयारण्याचा दर्जाही काढून घेतला.

तळ्याजवळच्या गावात एका शेताच्या बांधावर काटक्या पेटवून काही जण हरभरा भाजत बसले होते, आम्ही थांबलो तर त्यांनी बसायला पोतं टाकलं. त्यातले सत्तरी पार केलेले एक काका बोलके होते, मी त्यांना दद्दाच म्हणत होते कारण तिथे सगळे तेच म्हणत होते. राखेतले काळे घाटे हातावर चोळून, फुंकर मारून हिरवे दाणे माझ्या हातात देत ते बोलत होते. बाबा म्हणाले, "आमच्याकडं याला हुळा म्हणतात," आणि तिथून दोघांचं जे जमलं ते जमलंच, एकाचं हिंदी सोलापुरी आणि दुसऱ्याचं बुंदेली पण अडलं कुठेच नाही.

दद्दांनी उठून शेताच्या कोपऱ्यात नेलं. इथे मादी बसायची म्हणाले. म्हैस चरत चरत जवळ आली तर ती उडून जायची नाही, पंख पसरून मोठी व्हायची, म्हैस बिचकून बाजूला व्हायची. आणि पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उलटी टाकून उभा राहायचा आणि घुमायचा. त्यांनी तो आवाज काढून दाखवला, तोंड मिटून, छातीतून, लांबवर कुठेतरी कुणी मोठ्या घागरीत हुंकार द्यावा तसा. त्यांच्यासोबत बसलेली तरुण पोरं हसायला लागली, त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. बाबा मात्र हसले नाहीत. "अगदी असाच," एवढंच म्हणाले.

मग मी विचारलं, गेला कशानं? दद्दांनी आधी हात झटकले. मग म्हणाले की सुरुवातीला आम्हाला अभिमान होता, बाहेरून साहेब लोक यायचे, गावाचं नाव झालं. पण अभयारण्य झालं आणि जमिनीची खरेदी-विक्री अडकली. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला दोन बिघे विकायचे होते, रजिस्ट्री होईना, शेवटी सावकाराकडून पैसे काढले. तेवढ्यात संरक्षणामुळे काळवीट भराभर वाढली, रात्री कळपच्या कळप हरभऱ्यात. हाकलायला जावं तर केस होण्याची भीती, नुकसानभरपाईच्या मागे लागावं तर चपला झिजतात. "फिर लोग कहने लगे, जब तक चिरैया है तब तक जमीन फँसी है." कुणी मुद्दाम हुसकावले का, अंडी फोडली का, हे मी विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि घाटे चोळत राहिले. मी परत विचारलं नाही.

म्हणजे आत्याचं खरं होतं? गावकऱ्यांनी घालवला? परतीच्या रस्त्यावर गाडीत यावर आमचं जोरदार भांडण झालं. मला वाटतं हे वाक्य अर्धवट आहे. आधी प्रेमानं सांभाळणारी माणसं दहा वर्षांत पक्ष्याच्या विरोधात का गेली हे त्या वाक्यात येत नाही. आणि नुसतं "अभयारण्यामुळे गेला" असं म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही, हे अलीकडे बरेच लोक म्हणतात. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, तमिळनाडू या सगळ्या भागांतून माळढोक गेला, तिथे कुठे त्याच्यासाठी जमिनी अडकवल्या होत्या? अभयारण्य न होताही तो संपला. उत्तर एकच असतं तर ते सगळीकडे लागू पडलं असतं.

आणि मग बाबा, जे मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, ते म्हणाले, "तुम्ही त्या माणसाचं एक वाक्य ऐकलंच नाही." दद्दा बोलता बोलता म्हणून गेले होते की त्या काळी पावसाळ्यात अर्धी जमीन मोकळी असायची, आता तिथे भुईमूग. करेऱ्याचा शेंगदाणा आज प्रसिद्ध आहे. पूर्वी पाणी नव्हतं म्हणून पावसाळ्यात रान नांगरून मोकळं ठेवायचं आणि ओल धरून थंडीत हरभरा, गहू घ्यायचा. आता बोअर, कालवे, दोन पिकं, ट्रॅक्टर. बाबा म्हणाले, "माळढोक अंडं कधी घालतो? पावसाळ्यात. अन् आपल्याकडं? सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. मालदांडी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरला. जून ते सप्टेंबर रान मोकळं, वर गवत, किडे, नाकतोडे. तेवढ्यात त्याचं पिल्लू चालायला लागायचं. आता उजनीचं पाणी आलं, ऊस आला, नान्नजला द्राक्षबागा आल्या, तारा आल्या. कुणी त्याला मारलं नाही, त्याचे चार महिने कुणी तरी घेतले."

गाडीत एकदम शांतता झाली. ज्या माणसानं परवा रात्री शिकार म्हणून टेबल ठोकलं होतं तोच हे बोलत होता. हे काही संशोधन नाही हे मला मान्य आहे, एका शेतीखात्याच्या माणसाचा आणि एका शेतकऱ्याचा अनुभव आहे. पण आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या तिन्ही उत्तरांत कुणीतरी वाईट माणूस होता, शिकारी नाहीतर खाणवाला नाहीतर गावकरी. या उत्तरात कुणीच वाईट नाही, दोन पिकं घेऊन पोरांना शिकवणाऱ्या माणसाला काय दोष देणार? आणि म्हणूनच बहुतेक ते पटकन सुचत नाही. उपाय शोधायला तर ते जास्तच अवघड, कारण पहारेकरी ठेवून ते सुटत नाही, शेतकऱ्याला पावसाळ्यात रान मोकळं ठेवायचे पैसे द्यावे लागतील.

आमच्याकडचंही सांगून टाकते. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, त्यात अख्खी गावं, तालुक्याची ठिकाणं सगळं. पुढे कमी करत ते १,२२२ वर आणलं. करेऱ्यात दद्दा जे बोलत होते ते मी माझ्या करमाळ्याच्या मावशीकडून शब्दन् शब्द ऐकलेलं आहे.

टीप: करेऱ्याला राहण्यापेक्षा झाशीला नाहीतर ओरछाला मुक्काम करा. दिहायलाला दुर्बीण हवीच. आणि गावात माहिती काढायची असेल तर वही-पेन आधी बाहेर काढू नका, लोकांना परत सर्व्हे आला असं वाटतं.

सोमवार, ओरछा

मुक्काम ओरछाला होता. इथली मंदिरं, महाल यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी फक्त बेतवाकाठच्या छत्र्यांबद्दल, म्हणजे राजांच्या स्मारकांबद्दल लिहिते, कारण त्यांच्या माथ्यावर गिधाडं घरटी करतात. लांब चोचीची भारतीय गिधाडं. सकाळी धुकं फाटत होतं आणि एका कळसाशेजारी मादी की नर, जे काय असेल ते, पंख अर्धवट उघडून ऊन खात बसलं होतं. आम्ही चहाचे कुल्हड हातात घेऊन मान दुखेपर्यंत बघत होतो.

गिधाडांची गोष्ट इथे आठवायचं कारण आहे. नव्वदच्या दशकात गिधाडं झपाट्यानं कमी व्हायला लागली, इथून फार लांब नाही त्या भरतपूरच्या केवलादेवमध्ये बीएनएचएसच्या विभू प्रकाश यांनी ते नोंदवलं. तेव्हा लोकांनी काय काय म्हटलं! जनावरं आता आधीसारखी उघड्यावर टाकत नाहीत म्हणून उपासमार, कीटकनाशकं, कुठला तरी विषाणू. उपासमारीचं कारण तर इतकं सरळ वाटायचं की कुणालाही पटावं, पण गावोगाव मेलेली जनावरं तशीच पडलेली होती आणि खायला कुणी नव्हतं. मेलेल्या गिधाडांची चिरफाड केली तर आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर, म्हणजे मूत्रपिंडं निकामी. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या टीमनं दाखवलं की कारण डायक्लोफिनॅक आहे, गाई-म्हशींना दुखण्यावर द्यायचे ते साधं इंजेक्शन, मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जायचं. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातलं एकसुद्धा उरलं नव्हतं. कारण कळायला जी वर्षं गेली ती कधी परत मिळाली नाहीत, पण निदान कारण कळलं म्हणून आज या कळसावर हा पक्षी बसलाय.

मंगळवार, चंबळ

ग्वाल्हेरला परत येऊन दुसऱ्या दिवशी मुरैना. आत्याही आली या वेळी, तिला घडियाल, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाच्या मगरी, बघायचे होते, इतकी वर्षं ग्वाल्हेरला राहून चंबळ तिनं फक्त रेल्वेच्या पुलावरून बघितली होती.

आधी देवरीचं घडियाल केंद्र. नदीकाठच्या वाळूतली अंडी आणून इथे उबवतात, पिल्लं टाक्यांमध्ये वाढवतात आणि साधारण १.२ मीटरची झाली की नदीत सोडतात. लहान पिल्लांचे दात आत्ताच सुईसारखे, एकमेकांच्या पाठीवर रचून ऊन खात पडलेली. सत्तरच्या दशकात देशात २०० सुद्धा घडियाल उरले नव्हते, तेव्हापासून हजारो पिल्लं वेगवेगळ्या नद्यांमध्ये सोडली गेली. समजूत अशी होती की अंडी वाचवली आणि पिल्लं सोडली की झालं. पण बऱ्याच नद्यांमध्ये सोडलेली पिल्लं टिकली नाहीत, कारण खाली वाळू नव्हती, पाणी धरणात अडलेलं होतं, आणि मच्छीमारांच्या जाळ्यात ती गुदमरत होती. चंबळमध्ये वाढली, कारण इथे नदी अजून बरीचशी नदी आहे. आज जगातले सगळ्यात जास्त घडियाल याच नदीत आहेत.

मग राजघाटला बोट. दुपारी बाराचं ऊन, पाणी निळंशार, आणि वाळूवर एक भला मोठा नर, नाकाच्या टोकावर तो घड्यासारखा फुगवटा. आत्या कुजबुजली, "अरे बापरे, केवढा आहे हा!" आणि नाविकानं इंजिन बंद केलं. बोट आपोआप वाहत त्याच्या अगदी समोरून गेली, तो हललाही नाही.

नाविकाला २००७-०८ची थंडी आठवत होती. त्या हिवाळ्यात खालच्या बाजूला, इटाव्याकडे, शंभराच्या वर घडियाल मेले. तेव्हा पेपरात रोज नवं कारण यायचं, आधी लिव्हरचा आजार, मग जड धातू, कुणी म्हणालं विषप्रयोग. चिरफाडीत इथेही तेच, युरिक ॲसिडचे साठे, मूत्रपिंडं गेलेली. मेलेले बहुतेक यमुनेच्या बाजूला सापडले म्हणून यमुनेतून आलेल्या माशांमधून विष गेलं असावं असा संशय आहे, आणि थंडीत थंड रक्ताच्या प्राण्याला ते बाहेर टाकता आलं नाही. उन्हाळा लागला तसे मृत्यू थांबले. पण विष नेमकं कुठलं ते आजही सापडलेलं नाही. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, की कुणी घाईनं एका कारणावर शिक्का मारला नाही. उलट त्यानंतर घडियालांना रेडिओ टॅग लावून अभ्यास सुरू झाला आणि कळलं की ते वर्षभरात नदीतून प्रचंड अंतर फिरतात, म्हणजे एखादा तुकडा राखून भागत नाही.

काठावर मात्र ट्रॅक्टरची ताजी चाकं उमटलेली होती, थेट वाळूपर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये याच वाळूत माद्या अंडी घालणार. वाळू उपशाला इथे बंदी आहे.

टीप: बोटीला दुपारी अकरा ते तीनमध्ये जा, घडियाल ऊन खायला बाहेर असतात. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. मुरैन्यात गजक घ्याच, तिळाची, थंडीतच चांगली मिळते, गूळवाली साखरवालीपेक्षा भारी. रोख पैसे ठेवा.

बुधवार, परत ग्वाल्हेर

शेवटच्या दिवशी आत्याच्या ओळखीचे एक काका घरी आले, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. आम्ही कुठे कुठे फिरलो ते ऐकून त्यांनी थरचं वाळवंट आमच्यासमोर ठेवलं. आज देशात उरलेले दीडशेच्या आतबाहेर माळढोक जवळपास सगळे जैसलमेरच्या बाजूला आहेत. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये गावं आहेत, मेंढ्या आहेत, माणसं आहेत. आणि पोखरणच्या फायरिंग रेंजमध्ये सामान्य माणसाला पाऊल टाकायला परवानगी नाही. दोन्हीकडे पक्षी आहे. "मग सांगा, माणूस असणं वाईट की नसणं?" काकांनी विचारलं. दोन्हीकडे सारखं काय आहे तर मोकळं गवत, आणि पावसाळ्यात नांगर-ट्रॅक्टर फारसा नाही. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले.

पण तिथे आता वेगळंच संकट आहे, विजेच्या तारा. या पक्ष्याला समोरचं कमी दिसतं, डोळे बाजूला असतात, आणि अंगानं जड असल्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही. वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे की थरमध्ये वर्षाला अठराच्या आसपास माळढोक तारांवर आपटून मरतात, दीडशेतले अठरा! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखाली घालायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. या तारा सौर आणि पवनऊर्जेच्या आहेत, म्हणजे पुन्हा कुणी वाईट नाही. २०१९ पासून जैसलमेरजवळ सम गावात माळढोकची अंडी उबवून पिल्लं वाढवतायत, ते काम जोरात चाललंय आणि मला त्याचा खूप आनंद आहे. पण देवरीच्या टाक्या बघून आल्यावर मनात येतंच की ही पिल्लं उद्या सोडायची कुठे? करेऱ्यात? नान्नजला? जून ते सप्टेंबर मोकळं रान कुठे उरलंय?

काका गेल्यावर बाबांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि सोलापूर जिल्ह्यातली ज्या ज्या गावी त्यांनी माळढोक पाहिला त्या गावांची नावं लिहायला बसले, नावापुढे साल आणि तेव्हा त्या रानात पावसाळ्यात काय होतं ते. कागद दोन्ही बाजूंनी भरला. आता पुढचा रविवार-रविवार आम्ही त्या गावांना जाणार आहोत, आज तिथे पावसाळ्यात काय पेरतात ते विचारायला. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी मोहोळ, करमाळा, माढा, उत्तर सोलापूर, कर्जत, श्रीगोंदा, नेवासा या भागातली जुनी माणसं असतील तर त्यांना प्लीज विचारा, माळढोक शेवटचा कधी दिसला, कुठल्या शिवारात आणि तेव्हा त्या रानात पीक काय होतं. विहीर, बोअर किंवा कालवा त्या शिवारात कधी आला तेही विचारा. काळवीटांचा त्रास असेल तर तोही लिहा, मोकळेपणानं लिहा.